खुंटी नंबर सतरा

४ मार्च

ती. वहिनी,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही आणि बबीही बऱ्या असाल, नसतात तर पत्रात आधी तेच लिहिलं असतंत.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. शेवटी 'ताबडतोब कळवा' असं लिहून तुम्ही खाली दोन रेघा ओढल्या आहेत, त्या दिसल्या. कारखान्यात कामाचा रेटा होता असं लिहिणार होतो. पण माझ्या थापा तुम्ही मी दहा वर्षांचा असल्यापासून ओळखता, तेव्हा ते राहू द्या.

आधी इकडचं. लेथवर सध्या पंपांचे दांडे कातायचं काम आहे. एकसारखे चारशे दांडे. डोकं बाजूला काढून ठेवलं तरी हात चालतात. गुडघा कुरकुरतो, पण उभं राहण्याचीच नोकरी म्हटल्यावर त्याने दुसरं काय करावं. आमच्या हिने परवा बाहेरच्या खोलीची भिंत पुसायला काढली आणि माझ्या फळीवरची सगळी पिस्तुलं उतरवून पलंगावर मांडली. तेवीस झाली आता. "लोकांच्या भिंतीवर माणसांचे फोटो असतात," म्हणाली, "आपल्याकडे ही जत्रा."

तेवढ्यात दारात पोलीस. घाबरू नका, दर वर्षीची तपासणी होती. पण साहेब नवे होते. आत येऊन बघतात तर पलंगावर चादर अंथरून तिच्यावर तेवीस पिस्तुलं. त्यांचा हात कमरेकडे गेलेला मी पाहिला. मी म्हटलं, "साहेब, ही हवाईदलाच्या तळांवरची जुनी इशाऱ्याची पिस्तुलं आहेत. यातून गोळी सुटत नाही, रंगीत दारूचा गोळा वर जातो. हिरवा दिसला की वैमानिकाने उतरायचं, लाल दिसला की उतरायचं नाही. आणि आता तर तेही होत नाही, आतले भाग काढून टाकलेत." त्यांनी एक पिस्तूल उचलून नळीतून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे याने माणूस मरत नाही?" "नाही साहेब, वाचतो." मग बसले, चहा घेतला, यादीवर सह्या केल्या आणि गेले. गल्लीत मात्र माझं नाव बंदूकवाले पडलंय ते पडलंच.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. मी नीट वाचलं ना, ते पाहा.

बंद पडलेल्या तळाच्या इमारतीत संग्रहालय होतंय आणि दादाच्या पिस्तुलाला तिथे स्वतंत्र काचेची पेटी मिळणार होती, खाली पाटीवर त्याचं नाव. हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून वाटलं नाही. संग्रहालयाच्या बाईंनी पिस्तूल उघडून नळीच्या खालचा नंबर पाहिला, तो निघाला बेचाळीस. आणि तळाच्या जुन्या नोंदवहीत त्या दिवसापुढे लिहिलंय, 'चाकं न उघडता विमान खाली. लाल एक. खुंटी सतरा.' नोंदवहीत माणसाचं नाव लिहायची पद्धत नव्हती. शस्त्रागारात पिस्तूल ज्या खुंटीला टांगायचं तिचा नंबर नळीवर ठोकलेला असे, आणि कामावर तेच त्या माणसाचं नाव. त्या दिवशी धावपट्टीच्या टोकाला चौघं पाळीवर होते. लाल गोळा कोणी उडवला, हे नंबरावरूनच ठरणार. पुढे निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी ते पिस्तूल दादाच्या हातात ठेवलं, पण त्याचा कागद नाही. म्हणजे नळीवरचा सतरा हाच काय तो पुरावा, आणि तो पिस्तुलावर नाही. तेव्हा बाई सभ्यपणे म्हणाल्या की घटना खरी आहे, पण ती तुमच्या यजमानांच्या नावावर आम्हाला लिहिता येणार नाही.

तुम्ही माझ्याकडे एक मागितलंत आणि एक विचारलंत. मागितलंत ते असं, की मी जाणकार म्हणून बाईंना लिहून द्यायचं की पिस्तूल अस्सल आहे, तेही तीस तारखेच्या आत, कारण तेव्हा उद्घाटन आहे आणि त्याआधी समिती पाट्या ठरवणार आहे. आणि विचारलंत ते असं, की 'हे इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलत होते का?' खाली तुम्ही लिहिलंय की म्हणूनच शेवटची आठ वर्षं ते ती गोष्ट सांगायचे बंद झाले असतील. आधी तर पाहुणा खुर्चीत टेकायच्या आत सुरू व्हायचे.

वहिनी, नंबरांचं प्रकरण तुम्हाला वाटतं तितकं सरळ नसतं. शस्त्रागारातले लोक दुरुस्तीला पिस्तुलं उघडत, तेव्हा याची नळी त्याला लागायची. चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा काय भरवसा. माझं मत विचाराल तर पिस्तूल संग्रहालयाला देऊच नका. घरची वस्तू घरात बरी. शाळेच्या पोरांनी काचेला नाकं लावून बघितल्याने दादाला काय मिळणार आहे. त्याला असल्या मानाची हौस नव्हती. बाईंना नम्रपणे नको म्हणून कळवा आणि विषय मिटवून टाका.

दाखल्याचं बघतो. एका लेथवाल्याचं पत्र समितीतली माणसं कितपत मानतील, हाही प्रश्नच आहे.

बबीला आशीर्वाद. तिच्या कंबरेसाठी पाठवलेला पट्टा ती वापरते की नुसता खुर्चीला अडकवून ठेवते, ते कळवा.

आपला,
धाकटा


१३ मार्च

ती. वहिनी,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी आहेत, पण एकही वाया गेलेली नाही. 'पंचवीस वर्षं पिस्तुलं गोळा करता, जगाला नंबर वाचून दाखवता, आणि घरच्या पिस्तुलाचं विचारलं तर मला पोरांची नाकं सांगता.' हे वाचून आमची ही हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने कार्ड खाली ठेवलं.

बबी म्हणाली, बाबा गोष्ट थोडी रंगवून सांगत असतील, त्यात काय एवढं. त्यावर तुम्ही तिला काहीच बोलला नाहीत. 'मला रागसुद्धा आला नाही, म्हणजे मीही मनातून तसंच धरलं की काय,' असं तुम्ही लिहिलंय. त्या ओळीने माझं जेवणावरचं लक्ष उडालं. दादाबद्दल त्याच्याच घरात असं बोललं जावं आणि मी इथे दांडे कातत बसावं, हे बरोबर नाही.

तर ऐका. दादा खोटं बोलत नव्हता. सतरा नंबरची नळी माझ्याकडे आहे. बावीस वर्षं आहे.

लाल गोळा उडवला त्या दिवशी मी चौदा वर्षांचा होतो. तुम्हालाही आठवत असेल, दुपारी दादा घरी आला तेव्हा त्याच्या हाताला फटाक्यासारखा जळक्या दारूचा वास येत होता. तुम्ही विचारलंत काय झालं, तर म्हणाला, "काही नाही, एक विमान उशिरा उतरलं." दोनदा वाढून घेतलं आणि झोपला. विमान पडतापडता वाचल्याचं आपल्याला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. फुशारकी मारणारा माणूस असा येऊन झोपत नाही. गोष्ट सांगायला तो लागला निवृत्तीनंतर, पिस्तूल घरात आल्यावर. मी ते पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या फळीचं मूळ तिथे आहे. मला दादासारखं काही करता आलं नाही, म्हणून दादाकडे होतं तसं काहीतरी जमवत बसलो.

आमच्या छंदात तीन गोष्टी वर्ज्य आहेत. वस्तू घासून चमकवायची नाही, उडवून बघायची नाही आणि मिसळायची नाही. मिसळायची नाही म्हणजे एका पिस्तुलाची नळी दुसऱ्याच्या मुठीला लावायची नाही. आमच्या संग्राहक मंडळात नवा माणूस आला की हे त्याला मीच सांगतो, बोट वर करून. असं मिसळलेलं पिस्तूल म्हणजे जोडकाम. ज्याच्याकडे जोडकाम सापडतं त्याच्याशी लोक बोलतात, पण त्याच्या वस्तूंकडे पुन्हा कोणी वाकून बघत नाही.

बावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे मोजून सहा पिस्तुलं होती. त्यातलं एक दादाच्याच जातीचं, त्याच कारखान्याचं, पितळी नळीचं. मूठ अशी कोरी की कालच खोक्यातून काढली असावी. नळी मात्र आतून खड्डे पडलेली आणि तोंडाशी ठेचलेली. मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि उत्तम नमुन्याला चषक होता. नेमकं त्याच आठवड्यात दादाने त्याचं पिस्तूल माझ्याकडे आणून दिलं. "जरा तेलपाणी कर याचं," म्हणाला, "बिजागिरी करकरते."

मी बिजागिरीची खीळ ठोकून काढली आणि नळी हातात घेतली. आतून एक ओरखडा नव्हता. समोर माझी मूठ पडलेली. लावून बघितली, नुसती बघायला. वहिनी, मी रोज धातूला धातू बसवतो, पण तसं अचूक बसलेलं क्वचित पाहिलंय. मनाशी म्हटलं, प्रदर्शनापुरतं. आठ दिवसांत परत करू. माझी ठेचलेली नळी लेथवर धरून तिचं तोंड सरळ केलं, दोन नव्या खिळा कातल्या आणि दादाचं पिस्तूल दादाला दिलं. त्याने ते उघडलं, मिटलं. "आवाज गेला की रे," म्हणाला आणि खूश होऊन घरी गेला.

चषक मला मिळाला. छापून आलेला फोटो तुम्हीच कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला होतात. चषक मिळालेल्या पिस्तुलाची नळी काढून कशी द्यायची, आणि दादाला काय सांगून द्यायची? आज देऊ, उद्या देऊ करता करता ती माझीच झाली. नंबर नळीच्या खालच्या अंगाला असतो. फळीवर टांगलं की तो भिंतीकडे जातो. रोज उठून मला तो बघावा लागत नव्हता, ही फार सोयीची गोष्ट होती.

तुम्ही शस्त्रागारातल्या लोकांबद्दल माझं मागच्या पत्रातलं वाक्य वाचलं असेल. त्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नाही. ते वाक्य खोडून टाका.

नळी काल पार्सलने पाठवली. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?"

"नळी."

"कशाची?"

"पितळेची."

"अहो, कसल्या कामाची?"

यावर खरं उत्तर दिलं असतं तर हे पत्र चौकीतून लिहावं लागलं असतं. "जुनी आहे, भावाची," म्हटलं. त्यांनी फॉर्मवर 'घरगुती सामान' लिहिलं आणि शिक्का मारला.

सोबत कागदात गुंडाळून नवी खीळ ठेवली आहे. संग्रहालयाच्या माणसाला सांगा, ती डावीकडून घालायची, आणि हातोडीने नाही, लाकडाच्या ठोकळ्याने बसवायची. दाखलाही आत आहे. नळी कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, ते त्यात माझ्या सहीनिशी लिहिलंय. बबीला हे पत्र वाचायला द्या. बेचाळीसची नळी परत पाठवायची काही घाई नाही.

तुम्ही रागवाल. रागवायलाच हवं. लहानपणी तुम्ही रागावलात की दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाहीत, ताट मात्र वेळेवर वाढायचात. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

आपला,
धाकटा


२३ मार्च

ती. वहिनी,

नमस्कार. पार्सल पोचलं, नळी बसली, बाईंनी स्वतः फोन करून तुम्हाला सांगितलं, सगळं कळलं. पाटीवर दादाचं नाव येणार. तुमचं सहा पानी पत्र मी दारातच उभ्याने वाचलं.

मी तुमच्या रागाची तयारी करून बसलो होतो. तुम्ही लिहिता, 'एवढंच ना भाऊजी? यांना कळलं असतं तर पोट धरून हसले असते. धाकट्याने थोरल्याचं खेळणं पळवलं, घरोघरी होतं.' आणि तीस तारखेला उद्घाटनात मी पुढच्या रांगेत बसायचं, दादाची गोष्ट त्याच्या जागी उभं राहून मी सांगायची, बबीने माझ्यासाठी खोली आवरून ठेवली आहे. हे वाचून मला हलकं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. तुम्ही मला माफ केलंत ते लहान होतं. मोठं जे आहे ते मी तुम्हाला सांगितलेलंच नाही. ते पोटात ठेवून त्या खुर्चीत बसलो, तर दादाची आणखी एक वस्तू उचलल्यासारखं होईल.

तुमच्या पत्रात शेवटी एक साधी ओळ आहे. 'सतरा खरा होता, तर मग हे गोष्ट सांगायचे का थांबले, देव जाणे.' ते मलाही माहीत आहे, वहिनी.

नऊ वर्षांपूर्वी मंडळाचं प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून तुम्ही आला नव्हतात. मंडळींनी मला गळ घातली होती, तुमच्या भावाला पिस्तूल घेऊन आणा, ज्याने उडवला त्याच्याच तोंडून ऐकू. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. चाळीस-पन्नास माणसं होती. त्याने गोष्ट सांगितली, तुम्ही शंभरदा ऐकली आहे तशीच. धुकं, धावपट्टीच्या टोकाची काचेची खोली, रेडिओला उत्तर नाही, आणि शिकाऊ वैमानिक चाकं न उघडताच खाली येतोय. लाल काडतुसाच्या कडेला खाचा असतात, त्या अंगठ्याने चाचपून काडतूस भरलं, हात वर केला, आणि विमान डोक्यावरून पुन्हा वर गेलं. "मी काही केलं नाही," तो शेवटी म्हणायचा तसं म्हणाला, "मी लाल दाखवला. दुसऱ्या फेरीत उतरला तो त्याचा तो." मग पिस्तूल उचलून धरलं. "तेच हे. खुंटी सतरा."

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. माणूस वाईट नाही, पण कुठे काही किडकं दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी पिस्तूल घेतलं, उघडलं, खिशातून भिंग काढलं आणि नळीखाली बघून म्हणाले, "काका, गोष्ट झकास आहे. पण हे बेचाळीस आहे."

दोघंतिघं हसले.

"जोडकाम दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "कुठून घेतलंत?"

दादाने पिस्तूल त्यांच्या हातून परत घेतलं. चष्मा वर सरकवून नंबर वाचला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. माझ्या मागे माझी फळी होती आणि तिच्यावर मधोमध चषकवालं पिस्तूल. त्याने तेही पाहिलं. जी नळी त्याने नोकरीत वर्षानुवर्षं पुसली होती, ती ओळखायला त्याला नंबराची गरज नव्हती.

मला तीनच शब्द बोलायचे होते, सतरा माझ्याकडे आहे, एवढंच. त्या वर्षी मी मंडळाचा अध्यक्ष होतो, वहिनी. छातीवर फीत होती. माझी जीभ हलली नाही.

दादा डॉक्टरांना म्हणाला, "असेल. माझ्याच लक्षात काहीतरी चुकत असेल. वय झालं." लोक पुन्हा हसले, या खेपेला जरा मायेने. ते ऐकवत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसलो. दुपारची वेळ, बस रिकामी. पिस्तूल फडक्यात गुंडाळून त्याने मांडीवर धरलं होतं. बरेच थांबे गेल्यावर म्हणाला, "सतरा तुझ्याकडे आहे ना?"

"हो."

"नीट आहे? ओल नाही ना लागली?"

"नाही."

"मग ठीक आहे."

मी म्हटलं, "दादा, उद्याच आणून देतो. वहिनींना पण सगळं सांगतो."

तेव्हा तो माझ्याकडे वळला. "तिला एक अक्षर बोलायचं नाही. आणि नळी आता राहू दे तिथेच. काढलीस तर लोक विचारतील, तिच्या कानावर जाईल. पोटच्या पोरासारखं वाढवलंय तिने तुला. तिला हे सोसायचं नाही."

"आणि तुझं काय? चारचौघांत तुला खोटं पाडलं त्यांनी."

"पाडू दे," म्हणाला. "विमान उतरलं ना."

घरी गेल्यावर त्याने पिस्तूल कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून बसला होतात. तुम्ही विचारलंत, कशी झाली हो गोष्ट? तो म्हणाला, "झाली. आता पुरे पण. लोक कंटाळतात." मी दारात उभा राहून ऐकत होतो. त्यानंतर त्याने ती कोणालाच सांगितली नाही.

मी गप्प राहिलो आणि स्वतःला समजावत राहिलो की दादानेच तसं सांगितलंय, थोरल्याचं ऐकावं. एरवी मी त्याचं कधी एवढं ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे बसमध्ये त्याने 'तिला बोलायचं नाही' म्हटलं, त्या क्षणी मला हायसं वाटलं. मी जे केलं त्यात सगळ्यात वाईट हेच आहे असं मला वाटतं. गेल्या वर्षी दवाखान्यात अकरा दिवस मी त्याच्या उशाशी होतो. एक दिवस नळी पिशवीत घालून नेली. म्हटलं, निदान एकदा त्याच्या हातात देऊ. तो झोपला होता. तासभर बसलो, त्याचे पाय चेपले आणि नळी तशीच घरी आणून फळीवर लावली. तो जागा झाला असता तर दिली असती असं मी म्हणतो, पण मी त्याला हाक मारली नाही.

आणि मागच्या महिन्यात तुम्ही दाखला मागितलात, तेव्हाही माझ्या मनात पहिलं काय आलं? तुम्हाला संग्रहालयाचा नाद सोडायला लावावा. माझी फळी शाबूत राहावी म्हणून मी त्याला मेल्यावर पुन्हा खोटा ठरवायला निघालो होतो. मला माझी लाज वाटते.

परवा डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बाकावर रोगी बसले होते, त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "मी त्या माणसाला हसलो हो," एवढंच म्हणाले. तीस तारखेला ते येणार आहेत. चषक मी मंडळाला परत केला आणि सोबत पत्र दिलं. मला मंडळात ठेवायचं की काढायचं, ते त्यांचं ते ठरवतील.

तीस तारखेला मी यायला तयार आहे. दादाची गोष्ट सांगेन आणि तिच्या पाठोपाठ ही दुसरीही सांगेन, सगळ्यांसमोर, बबीसमोर. पण आधी तुम्ही दोघींनी हे पत्र वाचा आणि मग कळवा. मला समोर बघायची तुमची इच्छा नसेल तर मी लिहून पाठवतो, संग्रहालयाच्या बाई वाचून दाखवतील. तुम्ही नको म्हणालात तर मला वाईट वाटेल, पण मी त्याला अन्याय म्हणणार नाही.

दादाने मला गप्प बसवलं होतं ते तुमच्यासाठी. त्याचा शब्द मी आज मोडतो आहे, कारण त्याच्या गप्प राहण्यावरून तुम्ही त्यालाच खोटा समजू लागलात, आणि हे काही त्याच्या हिशेबात नव्हतं.

तुम्ही विचारलं होतंत, 'हे माझ्याशी खोटं बोलले का?' बोलला, वहिनी. एकदाच, ते कपाट बंद करताना, आणि तेही माझ्यासाठी.

तुमच्या हातचं खाऊन वाढलेला,
दादाचा भाऊ